वरीलप्रमाणे

आमच्या शेजारी एक सर्वज्ञ राहतात. त्यांचं खरं नाव काहीतरी साधं आहे, पण ज्या माणसाला जगातलं सगळं ठाऊक आहे त्याला साध्या नावाने हाक मारणं मला बरं वाटत नाही. पूर्वी त्यांचं औषधांचं दुकान होतं. मुलाने ते हातात घेतलं आणि ह्यांना घरी बसवलं, तेव्हापासून ते संशोधन करतात. संशोधन म्हणजे सकाळी मोबाइल उघडायचा, दुपारपर्यंत वाचायचा आणि संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन आम्हाला ऐकवायचा. विषय एकच: लष्कराने गुपचूप जवानांना मन फिरवणारी औषधं दिली.

कशातून दिली, ते मात्र रोज बदलायचं. सोमवारी पाण्याच्या टाकीतून, मंगळवारी दात घासायच्या पावडरीतून. एकदा तर म्हणाले, बराकीच्या भिंतींना जो हिरवा रंग असतो ना, त्याच्या वाफाच तशा असतात. मी विचारलं, मग रंगाऱ्यांचं काय झालं हो? तर म्हणाले, तेच तर, एकही रंगारी आज तोंड उघडायला तयार नाही. पुरावा मागितला की उत्तर तयार. पुरावा सापडत नाही हाच पुरावा, लपवल्याशिवाय का सापडत नाही? अशा माणसापुढे देवानेही हात टेकले असते, मी तर बोलूनचालून एक निवृत्त टायपिस्ट.

टायपिस्ट, पण कुठली? लष्करी इस्पितळाच्या कचेरीतली. एकतीस वर्षं. म्हणूनच हे सगळं ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. ज्या खात्याला एकतीस वर्षांत माझ्या डोक्यावरचा पंखा दुरुस्त करता आला नाही, जिथे खुर्चीचा एक पाय मागवला तर चार वर्षांनी अख्खं कपाट आलं, ते खातं म्हणे माणसांची मनं बदलणार! मन बदलायचं तर आधी तीन प्रतींत अर्ज लागला असता. हे मी सर्वज्ञांना तोंडावर सांगायचे. त्यावर ते गालातल्या गालात हसून म्हणायचे की पंखा त्यांनी मुद्दामच बंद ठेवला होता, मावशी. माझ्याहून फक्त अकरा वर्षांनी लहान असून हा माणूस मला मावशी म्हणतो, हेही इथे नोंदवून ठेवते.

आणि हे सगळं कानात प्राण आणून ऐकायचा माझा धाकटा भाऊ. त्याची चौसष्टी उलटली, तरी घरात तो धाकटाच. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नाही. डोळ्यांदेखत ओतलेलं नसेल तर पेलाभर पाणीही पीत नाही. गुलाबी रंगाचं काही घरात आणायचं नाही, साबणसुद्धा नाही. आणि अधूनमधून, चांगला पेपर वाचत बसलेला असताना, मान तिरकी करून म्हणायचा की ताई, भिंतीतून टाइपरायटर वाजतोय, ओळ संपली की घंटी होते. मी म्हणायचे, वाजू दे रे बाबा. मला वाटायचं, बहिणीचा जन्म मशीनवर गेला, त्याचा आवाज बिचाऱ्याच्या डोक्यात बसला असेल. खरं सांगायचं तर त्यात मला थोडं कौतुकही वाटायचं.

तेविसाव्या वर्षापर्यंत हाच मुलगा अख्खा रस्ता ऐकेल अशी शिट्टी वाजवायचा. मला सायकलवर मागे बसवून चढ चढायचा, वर मला जाड म्हणायचा. लष्कराच्या गोदामात जवान म्हणून नोकरीला होता, दुसऱ्या गावी. एकदा तिथून त्याला बारा दिवसांच्या हलक्या कामावर पाठवलं. कुठे, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. बंद गाडी, रंगवून टाकलेल्या खिडक्या, पांढरी खोली, सकाळ-संध्याकाळ एक गुलाबी गोड औषध, एवढंच सांगायचा. महिन्याभराने सुट्टीवर घरी आला आणि तीन दिवस जेवायच्या टेबलाखाली बसून राहिला. पुढे नोकरीतून काढला. कागदावर डॉक्टरांचा शेरा: मनोदोष, मूळचा.

त्या 'मूळचा'ने त्याचं आयुष्य खाल्लं. ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या काकांनी लगेच निकाल दिला की हे आईकडून आलंय, त्या घराण्यात असंच चालतं. काकांच्या घराण्यात काय काय चालतं ते मी सांगत बसत नाही. आणि मी? मी त्याला जवळ घेतलं, सांभाळलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न केलं नाही, आणि वेळोवेळी प्रेमाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "तू लहानपणापासूनच हळवा रे."

त्याचं मागणं मात्र एकच होतं. पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत, ऐकेल त्याला तो तेच सांगायचा. बरा करा म्हणत नाही. मी मूळचा असा नव्हतो, एवढं एक वाक्य कुणीतरी कागदावर लिहून द्या. आता अशा माणसासमोर रोज संध्याकाळी येऊन वाफांच्या आणि पावडरीच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी काय ओवाळू? हा माझ्या भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार, आणि तो पडला की सावरायला पुन्हा मीच.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगते. आत्मस्तुती वाटली तर वाटू दे. एकतीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर खाडाखोड नाही. आमचे हेडक्लार्क शिस्तीचे पक्के होते. त्यांचं म्हणणं, तक्त्यात कोरा रकाना राहिला की कारकुनाची अब्रू गेली, कारण कोऱ्या रकान्यात उद्या कुणीही काहीही लिहील. आता वॉर्डातून डॉक्टरांचे जे मसुदे यायचे, त्यांत पहिली ओळ नीट भरलेली आणि खाली सगळा आनंद. डॉक्टर माणसं ती, त्यांना एकच गोष्ट दहादा लिहायला वेळ कुठला? म्हणून आमच्या कचेरीत पद्धत पडली होती. मसुद्यात रकाना कोरा असेल तर सरळ 'वरीलप्रमाणे' टाइप करायचं. फक्त एक खूण ठेवायची. मसुद्यात लिहिलेलं असेल ते रकान्याच्या डाव्या कडेपासून, आणि आपण भरलेलं बरोबर मधोमध, म्हणजे तपासताना हेडक्लार्कांच्या नजरेला कळावं. ते तपासायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ह्या पद्धतीने काय गमती झाल्या! बुटांच्या एका यादीत पहिल्या जवानाचं माप आठ नंबर होतं, खालचे रकाने कोरे. मी मधोमध वरीलप्रमाणे मारत गेले आणि अख्ख्या तुकडीला आठ नंबरचे बूट मिळाले. त्यातला एक ताडमाड जवान म्हणे दोन वर्षं चवड्यांवर चालला. दुसऱ्या एका यादीत मी सतरा जणांचं लग्न लावून दिलं. ह्या गोष्टी मी पाहुण्यांना सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. चूक माझी नव्हतीच, मसुद्याची होती, असं शेवटी म्हणायला मी विसरायचे नाही.

तर गेल्या वर्षी इस्पितळाची जुनी इमारत पाडायला काढली, तेव्हा तळघरात कागदांची पेटारे भरून जत्रा सापडली. कुणीतरी ते वर्तमानपत्राला दिले, आरडाओरडा झाला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. त्या दिवसांत सर्वज्ञांचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनीच भावाचा अर्ज भरला, त्यांनीच नेऊन दिला, आणि सुनावणीची तारीख आल्यावर नवा सदराही त्यांनीच शिवून घेतला. मी सोबत गेले ती फक्त फुगा फुटताना पाहायला, आणि फुटल्यावर भावाला घरी आणायला.

समिती एका बंद पडलेल्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर बसायची. खाली तिकिटांच्या खिडक्या तशाच होत्या, वर तीन खुर्च्या, एक लांब टेबल आणि पाण्याचा जग. भावाने जगाकडे बघून खुर्ची मागे सरकवली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या, आवाजाने मऊ. शेजारी एक प्रौढ लेखनिक बाई काँप्युटरवर सगळं उतरवून घेत होत्या. दोन बोटांनी. पाहून माझा जीव कासावीस झाला.

मी वाट बघत होते की आता समिती म्हणेल, असं काही झालंच नाही, घरी जा. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. द्रव क्रमांक चार. जवान बारा, दिवस बारा. झोप, भास आणि आज्ञापालन यांवरील परिणामांचं निरीक्षण. थोडक्यात, माणसाला नको नको ते दिसत असताना त्याला हुकूम दिला तर तो पाळतो का, हे त्यांना बघायचं होतं. निष्कर्ष: अनिश्चित. द्रवाचा साठा संपल्याने प्रयोग बंद.

साठा संपल्याने! तेव्हा मात्र मला खात्री पटली की हे आमचंच खातं. बनावट कागद करणाऱ्याला हे सुचलंच नसतं. एवढी वर्षं मी म्हणत आले की ज्यांना पंखा लावता येत नाही ते काय कट करणार. पंखा न लावता येणाऱ्यांनीच केलं होतं, आणि पंख्यासारखंच, अर्धवट टाकून दिलं होतं. सर्वज्ञांनी माझ्याकडे वळून असा चेहरा केला की जणू त्यांच्या घरी मुलगा झाला आहे. मला त्यांच्याकडे बघवेना. कारण अध्यक्षबाईंनी पुढचं वाचलं होतं. ठिकाण: इस्पितळाची मागची इमारत, खोली क्रमांक दोन.

माझं टेबल खोली क्रमांक एकमध्ये होतं. मध्ये एक भिंत.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. तो अध्यक्षबाईंच्या तोंडाकडे बघत होता, त्या एका वाक्यासाठी. त्यांनी मग यादी समोर घेतली. यादीत नावं नव्हती, नुसते सेवा क्रमांक, त्यांत नववा माझ्या भावाचा. आज तो क्रमांक मला झोपेतही पाठ आहे, तेव्हा नव्हता, तेव्हा मी पत्रावर नुसता गोदामाचा पत्ता लिहायचे. शेवटचा रकाना संमतीचा. पहिल्या जवानापुढे लिहिलेलं, स्वेच्छेने. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, पण ज्यांनी सगळं समजून स्वेच्छेने भाग घेतला त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा जुना शेरा समितीला बदलता येत नाही. आणि नवव्या क्रमांकापुढेही संमती आहे.

"मला कुणी विचारलं नाही," भाऊ म्हणाला. ओरडून नाही. चाळीस वर्षं म्हणतोय तसंच म्हणाला.

झालं, सर्वज्ञ उठले. कागद खोटा आहे, गेल्या आठवड्यात केलाय, शाई तपासा, ह्यामागे परदेशातून चालणारा एक गुप्त विभाग आहे, त्याचं चिन्ह तीन डोळ्यांचं घुबड आहे. अध्यक्षबाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. लेखनिक बाईंनी घुबड उतरवून घेतलं. आमचं एकमेव खरं म्हणणं घुबडाखाली गाडलं जात होतं, म्हणून निदान ह्या माणसाचं तोंड बंद करावं ह्या हेतूने मी यादी बघायला मागितली.

कागद हातात आला आणि पहिल्यांदा मला दिसला तो 'व'. माझ्या मशीनचा 'व' कायम अर्धी पायरी वर उडायचा. किती वेळा दुरुस्तीला अर्ज केला होता. इथे अकरा 'व' एकाखाली एक, सगळे उडालेले. अकराही 'वरीलप्रमाणे' रकान्याच्या मधोमध. कोपऱ्यात टायपिस्टची दोन बारीक अक्षरं, माझी.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार गप्प बसण्याचाच आला. ती दोन अक्षरं कुणाची, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. हेडक्लार्क वारले, कचेरी पाडली, मशीन भंगारात गेलं. एकतीस वर्षांची बिनखाडाखोडीची अब्रू माझ्या मुठीत होती. मग शेजारी बघितलं. भाऊ मान तिरकी करून बसला होता, भिंतीला कान देऊन.

"ही यादी मी टाइप केली आहे," मी म्हटलं. "मसुद्यात फक्त पहिल्या ओळीत स्वेच्छेने लिहिलेलं होतं. खालचे अकरा रकाने कोरे होते. ते मी भरले."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कशाच्या आधारावर?"

"पद्धत होती."

मग सगळं सांगावं लागलं. डावी कड, मधोमध, कोरा रकाना आणि अब्रू. पुरावा म्हणून त्याच पेटाऱ्यातली बुटांची यादी काढायला सांगितली. ती निघाली, उडालेल्या 'व'सकट. मी आठ नंबरच्या बुटांची गोष्ट सांगितली, पाहुण्यांना सांगते तीच. कुणी हसलं नाही. मला स्वतःला ती गोष्ट इतकी घाण कधी वाटली नव्हती. दोन वर्षं चवड्यांवर चाललेला तो माणूस मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणला.

अध्यक्षबाईंनी मला बजावलं की सरकारी कागदावर मी दुसऱ्याची संमती भरली असं माझ्या जबाबात लिहिलं जाईल आणि माझ्यावर कारवाई होऊ शकते. मी म्हटलं, लिहा, आणि शुद्ध लिहा. लेखनिक बाईंनी दोन बोटांनी नवव्या क्रमांकापुढे लिहिलं: संमती विचारली नाही. मग मान वर करून विचारलं की बाकीच्या दहांना हेच खाली ओढून टाकू का. मी खुर्चीतून अर्धी उठले. नशीब माझं, अध्यक्षबाईच कडाडल्या की एकेकाला बोलवा, एकेकाला विचारा. मग त्यांनी भावाकडे बघून सांगितलं की त्याच्या कागदावरचा 'मूळचा' हा शब्द समिती काढून टाकेल आणि तसं लेखी कळवेल. भावाने मान हलवली. एवढंच.

जिन्यात सर्वज्ञांनी मला गाठलं. बिचारा पार खचला होता. इतकी वर्षं तो काळ्या चष्म्यातला सेनापती शोधत होता आणि सापडली कोण, तर गुडघेदुखीची म्हातारी. शेवटची आशा म्हणून त्याने आवाज खाली आणून विचारलं, "पण मावशी, कुणीतरी वरून सांगितलं असेल ना?"

"वरून नाही हो," मी म्हटलं. "वरीलप्रमाणे."

त्यांनी ते काही ऐकून घेतलं नाही. परवाच त्यांचा नवा व्हिडिओ आलाय. त्यात मी घुबडवाल्यांची प्रशिक्षित हस्तक आहे आणि माझं टायपिंग ही सांकेतिक भाषा आहे. सात हजार लोकांनी पाहिलाय. माझं टायपिंग एवढ्या लोकांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

सर्वज्ञ पुढे निघून गेले, तेव्हा भाऊ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, पाठ भिंतीला लावून. मी शेजारी बसले. मग तो म्हणाला की भिंतीतला टाइपरायटर तूच होतीस. मी हो म्हटलं. तो म्हणाला की त्या खोलीत सगळं हलायचं, छतसुद्धा, फक्त तो आवाज एका जागी असायचा, म्हणून तो त्याला धरून बसायचा. घंटी झाली की नवी ओळ, एवढं त्याला कळायचं. मी तोंडाला पदर लावला. म्हटलं, धाकट्या, त्या यादीबद्दल मला माफ कर.

"यादीचं जाऊ दे," तो म्हणाला. "तो मी होतो हे तुला ठाऊक नव्हतं." मग त्याने बोटाने पायरीच्या धुळीत एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी. "डॉक्टर म्हणाले मूळचा. काका म्हणाले मूळचा." तिसरी रेघ ओढून तो थांबला. "आणि त्यांच्याखाली तू, ताई. चाळीस वर्षं. वरीलप्रमाणे."

त्याच्या शिट्टीवरून, सायकलवरून, चढावरून मलाच तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं की हा असा नव्हता. बाकी कुणी नाही, मीच तर बघितलं होतं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "तू मूळचा असा नव्हतास."

"परत म्हण."

परत म्हटलं. उठून चालायला लागलो, तर कोपऱ्यावर थांबून त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग बसच्या थांब्यावर, बसमध्ये, उतरल्यावर. एकदा मी दमून नुसतंच 'तेच रे' म्हटलं, तर तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, मागून गाड्यांचे भोंगे वाजायला लागले तरी हलेना. घरी पोचेपर्यंत त्याने माझ्याकडून ते अकरा वेळा म्हणवून घेतलं, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य.